हरवलेल्या डीएलएल आणून देणारा प्रोग्रॅम : ९९९ रुपये आणि नऊ महिने

एका दिवाळी अंकाचे शेवटचे दोन फॉर्म (एकत्र छापायच्या पानांचे गठ्ठे) छापखान्यात जायचे होते, नेमक्या त्या सकाळी पीडीएफची पाने फॉर्मप्रमाणे लावणारा माझा प्रोग्रॅम उघडता उघडता मिटला. पडद्यावर ना संदेश, ना तक्रार. त्याच दुपारी, असे काही होऊ नये म्हणून ज्या प्रोग्रॅमसाठी मी जानेवारीत ९९९ रुपये मोजले होते, त्याचा निरोप आला की आताच नूतनीकरण केल्यास पुढचे वर्ष ‘सवलतीत’ १,४९९ रुपयांना पडेल. सवलत मिळून ९९९ चे १,४९९ कसे होतात हे मला अजून उमगलेले नाही, आणि खरे सांगायचे तर हा अनुभव लिहायला बसण्याचे कारण तेच आहे. प्रोग्रॅमचे नाव मुद्दाम देत नाही. हरवलेल्या डीएलएल फाइल, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या सामायिक फाइल, शोधून बसवून देतो असे सांगणारा कोणताही प्रोग्रॅम वाचकांनी डोळ्यांसमोर आणावा.

माझे काम अक्षरजुळणीचे. संगणक दुसऱ्या हातचा, विंडोज ११ चा, ६४ बिटांचा, आणि त्यात साठवणुकीची डिस्क (एसएसडी) अवघी १२० जीबीची, त्यामुळे जागेची काटकसर हा माझा रोजचा उद्योग. जानेवारीत एका सोमवारी दोन प्रोग्रॅम एकदम बंद पडले. पाने लावणाऱ्या प्रोग्रॅमने एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल सापडत नसल्याचे सांगितले, तर जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये उतरवणाऱ्या प्रोग्रॅमने एमएसव्हीसीआर१००.डीएलएलचे नाव घेतले. प्रोग्रॅम पुन्हा बसवल्यास अडचण सुटू शकेल, असा सल्ला विंडोजच्या त्या चौकटीतच दिलेला असतो. तो मी दोन्ही प्रोग्रॅमसाठी इमानाने पाळला आणि दोन्ही वेळा तीच चौकट पुन्हा पाहिली. मग शोधाशोध करताना हा दुरुस्तीचा प्रोग्रॅम दिसला. मोफत तपासणीत त्याने ४१२ त्रुटी दाखवल्या, त्याही लाल अक्षरांत, आणि मी घाबरून पैसे भरले.

सुरुवात चांगली झाली हे कबूल केले पाहिजे. त्याने एमएसव्हीसीपी१४० आणून पानांच्या प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये ठेवली. लगेच व्हीसीरनटाइम१४० नसल्याची तक्रार आली, तीही आणली. त्यानंतर व्हीसीरनटाइम१४०_१ चे नाव आले. एकाला बोलवावे तर त्याने दुसऱ्याला सोबत घेऊन यावे, तसा तो प्रकार होता. पण तिसऱ्या फाइलनंतर प्रोग्रॅम उघडला आणि त्या आनंदात मी पाचपैकी चार तारे देऊन टाकले. ते तारे आता मागे घेत आहे.

फाँटच्या प्रोग्रॅमचे मात्र काही केल्या जमेना, आणि त्यातला घोळ इतका चमत्कारिक आहे की तो सविस्तर सांगणे भाग आहे. दुरुस्तीच्या प्रोग्रॅमने एमएसव्हीसीआर१०० आणून विंडोजच्या सिस्टम३२ या फोल्डरमध्ये ठेवली. मी स्वतः फोल्डर उघडून पाहिले, फाइल तिथे ठळक दिसत होती. तरीही फाँटचा प्रोग्रॅम ती सापडत नाही असेच म्हणत होता. समोर ठेवलेला चष्मा न दिसणाऱ्या माणसाशी वाद घालावा, तसा मी त्या यंत्राशी आठवडाभर वाद घातला. प्रोग्रॅम आणि डीएलएल दोन घडणींचे असतात, जुनी ३२ बिटांची आणि नवी ६४ बिटांची. खरी गोष्ट अशी की ६४ बिटांच्या विंडोजमध्ये, नावात ३२ असूनही, सिस्टम३२ या फोल्डरात ६४ बिटांच्या फाइल राहतात, आणि ३२ बिटांच्या फाइल सिसवॉव६४ नावाच्या फोल्डरात राहतात. नावे थेट उलटी वाटतात, कारण जुन्या प्रोग्रॅमांना सिस्टम३२ हे नाव पाठ होते आणि ते बदलणे परवडणारे नव्हते. माझा फाँटचा प्रोग्रॅम ३२ बिटांचा, म्हणजे प्रोग्रॅम फाइल्स (एक्स८६) मध्ये बसणारा. त्याने सिस्टम३२ चे दार ठोठावले की विंडोज त्याला गुपचूप सिसवॉव६४ कडे पाठवते. तिथे फाइल नव्हती, म्हणून त्याच्या दृष्टीने ती कुठेच नव्हती. दुरुस्तीवाल्याने दुसऱ्या प्रयत्नात हीच ६४ बिटांची फाइल फाँटच्या प्रोग्रॅमच्या शेजारी नेऊन ठेवली, तेव्हा फाइल सापडली खरी, पण आता ०एक्ससी०००००७बी असा आकडा आला. ३२ बिटांच्या प्रोग्रॅमला ६४ बिटांची फाइल मिळाली की हमखास हा आकडा येतो. पैसे घेऊन डीएलएल बसवणाऱ्याला एवढा एक फरक ओळखता येऊ नये, याचे मला आजही नवल वाटते. शेवटी तो नाद सोडून मी जुन्या फाँटचा मजकूर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात पानामागे ४ रुपये देऊन उतरवून घेऊ लागले. महिन्याला दीडशे पाने धरली तर हिशेब वाचकांनी करावा. मला तो पुन्हा करवत नाही.

आता त्या लाल आकड्याविषयी. इतर उणिवांच्या मानाने ही बाब क्षुल्लक आहे हे मला कळते, पण नऊ महिने रोज सकाळी संगणक सुरू केला की खाली उजव्या कोपऱ्यात तो आकडा उगवत असे. मी तो वहीत लिहून ठेवू लागले. पैसे भरले त्या दिवशी ४१२ वरून शून्य. आठ दिवसांनी ३०७. सर्व दुरुस्त केल्याचा हिरवा शेरा मिळाल्यानंतर दुसऱ्या सकाळी २८८. मध्ये मी दहा दिवस गावी होते आणि संगणक बंद होता, तरी परतल्यावर ३५१. बंद यंत्रात या त्रुटी कोणी केल्या? भाच्याने नवा लॅपटॉप घेतला तेव्हा, खोक्यातून काढून विंडोज सुरू करून दिल्यावर, त्याच्या परवानगीने मी ही मोफत तपासणी त्यावरही चालवली; २०९ निघाल्या. बारकाईने यादी वाचली तर त्यांतल्या बहुतेक नोंदी म्हणजे ब्राउझरच्या तात्पुरत्या फाइल आणि रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीतल्या) निरुपद्रवी जुन्या खुणा होत्या. ज्या एका डीएलएलसाठी मी पैसे मोजले होते, तिचे नाव मात्र यादीत कधीच आले नाही.

ग्राहकसेवेचा अनुभव थोडक्यात उरकते. फाँटचा प्रोग्रॅम सुरू होत नाही असे मी पाच वेळा कळवले. दर वेळी वेगळ्या नावाने तेच उत्तर आले, त्यात माझ्या संगणकात ‘खोलवर बिघाड’ असल्याचे सांगून २,४९९ रुपयांची वरची योजना सुचवलेली असे. एकदा माझा पडदा दूरून हाताळण्याची परवानगी मागितली. छापखान्यांची आणि लेखकांची कामे ज्या यंत्रात आहेत ते अनोळखी माणसाच्या हाती देणे मला मान्य नव्हते. पैसे परत मागितले तर तीस दिवसांची मुदत उलटल्याचे कळले.

खरी उकल झाली ती दिवाळी अंकाच्या त्या सकाळी, आणि तीही फुकट. पाने लावणारा प्रोग्रॅम मिटल्यावर काही सुचेना, म्हणून मी फाँटचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पुण्याच्या गृहस्थांना फोन लावला. त्यांनी तो २०११ साली लिहिला होता. सगळी हकिकत ऐकून त्यांनी एवढेच विचारले, “ताई, जानेवारीत बसवलेल्या प्रोग्रॅमांच्या यादीतून व्हिज्युअल सी प्लस प्लस नावाचं काही काढून टाकलंत का?”

“एकच नाव दहा वेळा होतं,” मी म्हटले. “पहिलं ठेवून बाकीची नऊ काढली.”

“नावापुढचं साल वाचलंत का?”

मी साल वाचले नव्हते. जागा वाचवण्याच्या भरात, रविवारी रात्री, मीच त्या नऊ नोंदी निवडून काढून टाकल्या होत्या, आणि सोमवारी प्रोग्रॅम बंद पडल्यावर त्या दोन गोष्टींचा संबंध मला लावता आला नव्हता. ही मायक्रोसॉफ्टची रीडिस्ट्रिब्युटेबल पॅकेजे, म्हणजे व्हिज्युअल सी प्लस प्लस या साधनात बांधलेल्या प्रोग्रॅमांना लागणाऱ्या डीएलएलचे संच. ज्या सालच्या व्हिज्युअल सी प्लस प्लसमध्ये प्रोग्रॅम बांधलेला असेल, त्या सालचे पॅकेज त्याला लागते. एमएसव्हीसीआर१०० हे २०१० चे, ११० हे २०१२ चे, १२० हे २०१३ चे. आणि १४० मात्र २०१५ पासून २०२२ पर्यंत सर्वांचे एकच, ज्यात नवे पॅकेज जुन्याची जागा घेते. शिवाय प्रत्येकाची ३२ बिटांची आणि ६४ बिटांची आवृत्ती वेगळी असते, म्हणून यादी लांबते. मी ठेवलेली पहिली नोंद २००८ ची होती. तिचा माझ्या दोन्ही प्रोग्रॅमांना काडीचा उपयोग नव्हता.

म्हणजे चूक मुळात माझी होती, आणि हे कळल्यावर तारे वाढवावेत का, याचा मी प्रामाणिकपणे विचार केला. वाढवत नाही. पुण्याच्या गृहस्थांनी दोन मिनिटांत विचारलेला प्रश्न ९९९ रुपये घेणाऱ्याने नऊ महिन्यांत एकदाही विचारला नाही.

पाने लावणारा प्रोग्रॅम का मिटला, तेही त्यांच्याच सांगण्यावरून उलगडले. त्याची नवी आवृत्ती मी आदल्या आठवड्यात घेतली होती. कोणतीही डीएलएल शोधताना प्रोग्रॅम साधारणपणे आधी आपल्याच फोल्डरात पाहतो, आणि तिथे दुरुस्तीवाल्याने ठेवलेली एमएसव्हीसीपी१४० त्याला मिळत होती. तिच्यावर उजवे बटण दाबून गुणधर्मांत तपशील उघडला, तर आवृत्ती १४.० ने सुरू होणारी, म्हणजे २०१५ च्या पिढीतली निघाली. मायक्रोसॉफ्टच्या नव्या पॅकेजातली त्याच नावाची फाइल १४.४४ ची होती. नवी फाइल जुन्या प्रोग्रॅमला चालते, पण नव्या प्रोग्रॅमला जुनी फाइल चालेल याची हमी नसते. नावावरून मात्र हे कळायला मार्ग नाही.

दुरुस्ती अशी झाली. पानांच्या फोल्डरातल्या त्या तीन उसन्या फाइल आणि फाँटच्या प्रोग्रॅमशेजारची ६४ बिटांची एमएसव्हीसीआर१०० काढली. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून २०१५ ते २०२२ चे पॅकेज दोन्ही आवृत्त्यांत घेतले. दोन्ही मिळून जेमतेम ४० एमबी. २०१० चे ३२ बिटांचे पॅकेज वेगळे घेतले. त्याचा आधार मायक्रोसॉफ्टने २०२० साली थांबवला असला तरी ते तिथेच मोफत मिळते. दोन्ही प्रोग्रॅम पहिल्या क्लिकला उघडले आणि फॉर्म दुपारी चारला छापखान्यात पोचले.

या प्रकारात सर्वत्र सुचवला जाणारा एक उपाय मी जानेवारीतच करून पाहिला होता, त्याविषयी सांगायला हवे. प्रशासक म्हणून आज्ञा लिहिण्याची काळी खिडकी उघडून एसएफसी स्कॅननाउ ही आज्ञा द्यावी, असे जो तो सांगतो. मी आधी डीआयएसएम हे विंडोजचेच दुरुस्तीचे साधन चालवले, जे ६२.३ टक्क्यांवर इतका वेळ अडून राहिले की मी भात लावून आले, आणि मग एसएफसी. त्याने कोणतीही विसंगती नसल्याचा निर्वाळा दिला. तो निर्वाळा खरा होता. एसएफसी विंडोजच्या स्वतःच्या संरक्षित फाइल तपासते, आणि मी काढलेली पॅकेजे विंडोजबरोबर येणारी नव्हेत, तर प्रोग्रॅमांबरोबर येणारी होती. विंडोजची स्वतःची फाइल बिघडलेली असेल तर ही आज्ञा उत्तम आहे. माझ्या दुखण्यावर ते औषध नव्हते. रेगएसव्हीआर३२ या आज्ञेने फाइलची ‘नोंदणी’ करा असेही कोणी सुचवतो. ज्या डीएलएलमध्ये नोंदणीची सोयच नाही तिथे त्याचा काही परिणाम होत नाही, आणि एमएसव्हीसीआर त्यांपैकीच.

छापखान्यात अजून विंडोज ७ चा एक संगणक आहे. त्यावर एपीआय-एमएस-विन-सीआरटी अशा लांबलचक नावाने सुरू होणाऱ्या फाइलची तक्रार आली, तेव्हा मी आता शहाणी झाल्यासारखी आधी चौकशी केली. या फाइलचा संच विंडोज १० पासून विंडोजमध्येच आहे. ७ साठी केबी२९९९२२६ हे अद्ययावतीकरण बसवावे लागते. बसवले, काम झाले.

आता अंतिम गुण : पाचपैकी एक तारा, तोही पहिल्या तीन फाइल आणल्याबद्दल. यूपीआयच्या ऑटोपेमध्ये जाऊन मी त्याची परवानगी रद्द केली, कारण नुसता प्रोग्रॅम काढून टाकल्याने पैसे कापणे थांबत नाही. काढताना त्याने ३९४ त्रुटी तशाच राहतील असा इशारा दिला. तो आकडाही वहीत उतरवला आहे. सिस्टम३२ मध्ये त्याने ठेवलेली एमएसव्हीसीआर१०० मात्र प्रोग्रॅम गेल्यावरही तिथेच राहिली. गुणधर्मांत तिची डिजिटल स्वाक्षरी पाहिली, ती मायक्रोसॉफ्टचीच आणि वैध निघाली. तिच्यावाचून माझे काही अडत नाही आणि असल्याने काही बिघडत नाही, म्हणून राहू दिली आहे. ९९९ रुपयांतली तेवढीच वस्तू हाती उरली आहे.