चोन: फाइलींचा फेरफार करणारा बिननोटिशीचा तलाठी

सोलापुरात आमचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, परीक्षा आल्या की शाळांचे पेपर. तीन कॉम्प्युटर, आणि कोपऱ्यात उबुंटू सर्व्हर (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलेलं एक डबडं. सगळ्या फाइली त्यावर आणि त्याची देखभाल माझ्याकडे. म्हणून परीक्षण करायचं तर मी एका कमांडचं करणार. स्पेलिंग सी-एच-ओ-डब्ल्यू-एन. कोणी ‘सीएच-ओन’ म्हणतं, आमच्याकडे ‘चोन’. फुकट आहे, लिनक्सबरोबर आलेलीच असते. फाइलीचा मालक बदलायचा, एवढंच तिचं काम. लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं त्या युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या आवृत्तीतही ती होती, म्हणजे वयाने माझ्यापेक्षा मोठी.

मागच्या दिवाळीत जुनं डबडं बदललं. नवीन मशीनवर उबुंटू भाचीने टाकून दिलं, मी फाइलींची डिस्क हलवली, मालकांसकट फाइलींची यादी दाखवणारी ‘एलएस -एल’ कमांड मारली आणि बघते तर माझ्या सात वर्षांच्या फाइली भाचीच्या नावावर! आमच्या ऑपरेटर काकांच्या फाइली माझ्या नावावर. घरात वाटणी झाली आणि मला पत्ताच नाही, असं.

झालं होतं ते साधं. डिस्कवर मालकाचं नाव लिहिलेलं नसतंच, नुसता आकडा असतो. उबुंटूत पहिला माणूस १०००, पुढचा १००१. जुन्या मशीनवर १००० मी होते, काका १००१. नव्यावर भाची १०००, मी १००१, काका १००२. आकडे तेच राहिले, त्यामागची माणसं बदलली. ‘एलएस -एलएन’ केलं की नावाऐवजी हे आकडे दिसतात. तिथे कोडं सुटलं.

आणि इथे चोन मला मनापासून आवडली. तिला ‘फ्रॉम’ नावाचा पर्याय आहे: आत्ता ज्यांचा मालक अमुक आहे तेवढ्याच फाइली बदल, बाकीच्यांना हात लावू नको. कॅपिटल आर दिला की फोल्डरच्या आतलं सगळं धरते. क्रम मात्र डोकं लावून ठरवावा लागला. आधी काकांचे १००१ चे १००२ केले, मग माझे १००० चे १००१. उलट केलं असतं तर माझ्या फाइली काकांच्यात मिसळून सगळ्याच १००२ झाल्या असत्या, आणि त्या वेगळ्या करायला ब्रह्मदेव आला असता तरी जमलं नसतं.

काकांची एक तक्रार होती. त्यांनी स्वतःची एक फाइल माझ्या नावावर करून बघितली, तर ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’. “फाइल माझी, मग परवानगी कोणाची?” ते चिडले. मी म्हटलं, काका, ही भोगवटादार वर्ग २ ची जमीन समजा. कसायला तुमची, पण दुसऱ्याच्या नावावर करायची तर कलेक्टरला विचारायचं. इथला कलेक्टर म्हणजे रूट, सिस्टिमवर सगळे अधिकार असलेलं खातं. नियमात तथ्यही आहे. प्रत्येकाला डिस्कची मर्यादा ठरवून दिलेली असेल, तर कोणीही आपला बोजा शेजाऱ्याच्या नावावर टाकून मोकळा होईल. ग्रुप मात्र मालकाला बदलता येतो, तो स्वतः त्या ग्रुपमध्ये असला तर.

आता दोष. तलाठी निदान नोटीस काढतो, हरकतीला वेळ देतो. चोन काही विचारत नाही. मार्चमध्ये, पेपरांच्या गर्दीत, ‘./’ टाइप करताना टिंब आणि तिरक्या रेघेच्या मध्ये स्पेस पडली. म्हणजे ‘हे फोल्डर’च्या जागी ‘हे फोल्डर आणि अख्खी सिस्टिम’. पुढे सुडो, म्हणजे कमांड रूटच्या अधिकाराने चालवणारा शब्द, लावलेला होताच. कंट्रोल-सी मारेपर्यंत काही सेकंद गेले, तेवढे पुरले. नंतर सुडो म्हणालं, मी यूआयडी ० च्या (म्हणजे रूटच्या आकड्याच्या) मालकीचा नाही, मी चालणार नाही. मालक परत रूट करूनही भागत नाही, कारण मालक बदलताना लिनक्स त्या फाइलीवरचा सेट-यूआयडीचा शिक्काही पुसतं, आणि त्या शिक्क्याच्या जोरावरच सुडोला रूटचे अधिकार मिळतात. शेवटी पेनड्राइव्हवरून उबुंटू नव्याने टाकलं. रात्रीचे दोन वाजले.

फाइली उडवणारी आरएम कमांड अशा वेळी मुळावर, म्हणजे त्या तिरक्या रेघेच्या अख्ख्या सिस्टिमवर, हात टाकायला नकार देते. चोनलाही तसा नकार द्यायला लावणारा ‘प्रिझर्व्ह-रूट’ पर्याय आहे, पण तो आपण लिहिला तरच. हे मला अजिबात पटत नाही. पाचपैकी चार तारे, आणि कापलेला एक याच कारणासाठी.

तेव्हापासून मोठा फेरफार करायचा असला की आधी ‘गेटएफएसीएल’ या कमांडला कॅपिटल आर देऊन जुने मालक आणि परवानग्या एका फाइलीत उतरवून ठेवते. चुकलंच तर तिच्या जोडीच्या ‘सेटएफएसीएल’चा ‘रिस्टोर’ पर्याय त्या यादीवरून मालक परत लावतो, रूट म्हणून चालवला तर. आणि गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवर चोन चालवायच्या फंदात पडू नका. ते बहुतेक फॅट नाहीतर एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात, तिथे मालक लिहायला रकानाच नाही. काकांनी तिथेही दोनदा प्रयत्न करून बघितलाय.