मुलाचं वजन वाढलंय: मोठं पॅकेज घ्यावं की मोजक्या चाचण्या?

खानापूरहून धाकट्या बहिणीचा फोन आला. "अक्का, डॉक्टरांनी पोराचं रक्त तपासायला सांगितलंय. लॅबवाला म्हणतोय पॅकेजच घ्या, सगळं एकदम कळतं. काय करू?" भाचा अकरा वर्षांचा, दोन वर्षांत वजन भरभर वाढलेलं, घरात आजीला साखर. मी तिला तीनच चाचण्या सांगितल्या: उपाशीपोटी साखर, लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) आणि एसजीपीटी (यकृताची चाचणी).

साखरेसाठी दोन वाटा आहेत. उपाशीपोटीची साखर १०० च्या आत हवी. १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, १२६ किंवा वर आली तर पुन्हा तपासून खात्री करायची. दुसरी वाट एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी चाचणी. तिला उपाशी राहावं लागत नाही, शाळा सुटल्यावरही रक्त देता येतं. तिथे ५.७ पासून उंबरठा, ६.५ पासून मधुमेह. मात्र अंगात लोह कमी असेल तर हा आकडा उगीच वर दिसू शकतो. वयात येणाऱ्या मुलींमध्ये लोहाची कमतरता बरीच आढळते, म्हणून मुलीसाठी मी आधी उपाशीपोटीची साखर निवडेन आणि सोबत हिमोग्लोबिन बघेन.

पण साखर चांगली आली म्हणून निश्चिंत होऊ नका. मुलांचं स्वादुपिंड जास्तीचं इन्सुलिन सोडून बरीच वर्षं साखर सांभाळून घेतं. तोवर रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी वाढलेली असते, यकृतात चरबी साठू लागलेली असते. म्हणून लिपिड आणि एसजीपीटी मला जास्त मोलाच्या वाटतात. लिपिडसाठी दहा-बारा तास पोट रिकामं हवं. आदल्या रात्री जत्रेचं जेवण आणि वर कुंदा झाला असेल तर चार दिवस थांबा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भाच्याचं ट्रायग्लिसराइड १३८ आलं, शेजारी छापलेलं '१५० पर्यंत नॉर्मल'. एसजीपीटी ३८, तेही छापील मर्यादेच्या आत. एकही आकडा ठळक नव्हता, बहीण खूश. पण त्या मर्यादा मोठ्या माणसांच्या! १० ते १९ वयात ट्रायग्लिसराइड ९० च्या आत असावं आणि १३० पासून ते जास्तच धरतात. दहाच्या आतल्या मुलांत तर १०० पासूनच. एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, ४० च्या खाली नको. लठ्ठ मुलांच्या यकृतातली चरबी हुडकताना एसजीपीटीची वरची मर्यादा मुलग्यांत २६ आणि मुलींत २२ धरतात. म्हणजे पोराचे दोन्ही आकडे वाढलेले होते आणि कागद गप्प होता.

पॅकेजमधलं इन्सुलिन बघून पालक फार घाबरतात. वयात येताना ते निरोगी मुलांतही वाढतं, लॅबगणिक पद्धत बदलते आणि मुलांसाठी सर्वमान्य मर्यादाही नाही. एकट्या त्या आकड्यावर पैसे घालवू नका. थायरॉइडच्या टीएसएच चाचणीचंही तसंच: लठ्ठपणामुळेच ते थोडं वर जातं, वजन उतरलं की बहुधा खाली येतं. मूल वयाप्रमाणे उंच होत असेल तर वजनाचं खापर थायरॉइडवर फोडता येत नाही. उंची खुंटली असेल तर मात्र ही चाचणी हवीच.

रक्ताआधी घरीच टेप लावा. कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त भरली तर पोटावरची चरबी वाढली आहे. मानेवर काळपट, मखमली पट्टा दिसतो का तेही बघा. आपल्याकडे मळ समजून तो घासतात, लेकराला बोलणी बसतात; तो मळ नसतो, शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झाल्याची ती खूण असू शकते. असा पट्टा दिसला किंवा आईला गरोदरपणी साखर होती, तर तपासणी लांबवू नका.

बहिणीने तोच कागद बालरोगतज्ज्ञांना दाखवला. त्यांनी पोराचा रक्तदाब मोजला, संध्याकाळचं बेकरीचं खाणं आणि बाटलीतलं सरबत बंद केलं, आणि एसजीपीटी तीन महिन्यांनी पुन्हा करायला सांगितली.