मृत्युपत्र पक्कं, मग हक्कसोड कशाला?

देवगड तालुक्यात आमचं घर आणि हापूसची बाग. वडील निवृत्त शिक्षक. ते गेल्यावर भावाने तलाठ्याकडे मृत्युपत्र दिलं: सगळं त्याला, आम्हा दोघी बहिणींना काही नाही. फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याची, नोटीस निघाली गावच्या पत्त्यावर, घेतली त्यानेच. आम्हाला कळलं ते थेट ऑनलाइन सातबारा बघितल्यावर.

मग बंधुराज स्वतः डोंबिवलीला आले. "ताई, बाबांनी सगळा माझ्या नावार करून ठेवल्यानी. आता कोर्टात जावन काय मेळतला? हक्कसोडीवर सही कर, दरवर्षी पेटये येतले." हक्कसोड म्हणजे आपला वारसाहिस्सा लिहून सोडून देणं. माहेर तुटू नये म्हणून धाकटीने दुय्यम निबंधकाकडे जाऊन सही केली. मी केली नाही, कोर्टात गेले.

खरी मेख इथेच आहे. मृत्युपत्र पक्कं असेल तर बहिणींची हक्कसोड मागायचं कारणच काय? कागद कोर्टात टिकणार नाही हे त्याला आमच्या आधी ठाऊक होतं. फेरफार मंजूर झाला म्हणून मालकी सिद्ध होत नाही. मृत्युपत्र खरं की खोटं हे दिवाणी न्यायालय ठरवतं. आणि ते सिद्ध करायची जबाबदारी ते पुढे आणणाऱ्यावर असते. संशयाच्या जागा असतील तर त्याही त्यानेच दूर करायच्या, हे सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्येच सांगितलंय.

आमच्या कागदात संशयाला तोटा नव्हता. शंभराचा स्टॅम्पपेपर होता. मृत्युपत्राला मुद्रांक लागतच नाही, पण तो बघून गावात माणसं गप्प बसतात, एवढाच त्याचा उपयोग. खाली सहीऐवजी डाव्या हाताचा अंगठा. तारीख नोव्हेंबरची. त्याच नोव्हेंबरात वडिलांनी पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी बँकेतल्या यादीवर स्वच्छ, वळणदार सही केली होती! ती यादी कोर्टामार्फत मागवून घेतली.

साक्षीदार दोन. एक वारलेला, दुसरा भावाचा मेहुणा. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याच्या कलम 63 प्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात. प्रत्येकाने मृत्युपत्र करणाऱ्याला सही किंवा अंगठा करताना पाहिलेलं असावं, निदान "ही माझीच सही" असं त्याच्या तोंडून ऐकलेलं असावं, आणि स्वतःची सही त्याच्यासमोर करावी. साक्षीदारांपैकी हयात असेल त्या एकाला तरी कोर्टात उभं करावंच लागतं. मृत्युपत्र नोंदणीकृत असलं तरी यातून सुटका नाही. उलटतपासणीत मेहुणा बोलून गेला की दुसऱ्याची सही नंतर त्याच्या घरी जाऊन घेतली. वडील तिथे नव्हतेच.

शिवाय बागेचा काही भाग वडिलोपार्जित. 2005 च्या दुरुस्तीनंतर त्यात मुलींचा जन्मापासून हिस्सा आहे. वडील मृत्युपत्राने फक्त स्वतःचा हिस्सा देऊ शकतात. अस्सल मृत्युपत्रानेही सगळी बाग भावाकडे गेली नसती. गावात हे कुणी सांगत नाही. बहिणीने हिस्सा मागितला की ती वाईट, एवढंच सांगतात.

निकाल अजून लागायचाय, पण जमीन विकायला तूर्त मनाई मिळाली आहे. अडकलीय ती धाकटी. तिचं हक्कसोडपत्र नोंदणीकृत असल्याने ते फसवून घेतल्याचं तिलाच सिद्ध करायचंय, आणि फसवणूक कळल्यापासून 3 वर्षांच्या आत तसा दावा लावावा लागतो. तिचा दावा मुदतीत लागलाय. भाऊ म्हणतो, तिला सगळं माहीत होतं.