फोटोतली फुलं रांगेत उभी होती

मी एका सहकारी बँकेत तीस वर्षं काढली, त्यातली निम्मी कॅशच्या खिडकीत. ओटीपी कुणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, हे मी कितीतरी पेन्शनरांना बजावलंय. एकदोघांवर तर चिडलोही आहे. तो मी २०२४ च्या सप्टेंबरात एकवीस हजारांना बुडालो. आमच्या घरात हा विषय निघाला की अजून सगळे पंख्याकडे बघतात, पण लिहायला हवं, कारण यंदाही भाद्रपद येणार आहे आणि लोक पुन्हा साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलं बघायला निघणार आहेत.

गौरी जेवल्या त्या संध्याकाळी सगळे घरीच होते. माझी मावशी, वय अठ्ठ्याहत्तर, आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेली, म्हणाली, "कास बघायचं राहिलंय बाबा, गुडघे आहेत तोवर न्या." विसर्जन झालं की पितृपक्ष, म्हणजे गर्दी कमी, असा साडूंचा हिशोब. (तो साफ चुकीचा. फुलांना पितृपक्ष कळत नाही. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचे चार-पाच आठवडेच काय ते असतात आणि सगळा महाराष्ट्र त्यातच जातो.) शनिवार २१ तारीख ठरली. मी मोबाइलवर 'कास पठार बुकिंग' असं शोधलं आणि सगळ्यात वर आलेल्या दुव्यावर बोट ठेवलं. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलं होतं. वाचलं होतं मी ते, पण त्याचा अर्थ 'पैसे देऊन वर आलेला' असा होतो हे तेव्हा डोक्यात शिरलं नाही.

पान देखणं होतं. वर वनखात्याचं बोधचिन्ह, खाली 'मुक्काम, जेवण आणि पठाराचे प्रवेश पास एकत्र'. जांभळ्या फुलांचा गालिचा, त्यापुढे पांढरा तंबू, तंबूच्या कोपऱ्यात पाण्याचं निळं पिंप. व्हॉट्सॲपवर विचारणा केली तर पाच मिनिटांत फोन आला.

तो माणूस खोटं फार कमी बोलला. म्हणाला, "साहेब, पठारावर दिवसाला तीन हजारच माणसं सोडतात, शनिवार-रविवारचे स्लॉट भरत आलेत." खरं आहे. "छत्री आणू नका, वारा उलटी करतो, रेनकोट आणा." अगदी खरं. "आजी आहेत ना? मग सकाळचा स्लॉट घ्या, दुपारनंतर धुकं उतरलं की काही दिसत नाही." कास बघितलेला कुणीही हेच सांगेल. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा दिला त्यात कास कसं आलं, हेही त्याने ऐकवलं. नव्वद टक्के माहिती चोख, आणि उरलेल्या दहा टक्क्यांत त्याचा खातेक्रमांक. गंडवणारा गुळगुळीत बोलतो, चुकीचं बोलतो, अशी माझी समजूत होती. हा तर एखाद्या चांगल्या वाटाड्यासारखा बोलत होता. फोन ठेवल्यावर मी हिला म्हणालोदेखील, "माणूस बरा दिसतो."

तीन खोल्या, २,८०० प्रमाणे ८,४००. सहा पास, ३५० प्रमाणे २,१००. एकूण १०,५००. पासाचा हा दर खऱ्या शुल्काच्या दुपटीहून जास्त होता, पण 'जेवणासकट पॅकेज' म्हटलं की माणूस आकडे सुटे करून बघत नाही. आधी निम्मे मागितले, मग "सीझन आहे साहेब, पूर्ण भरले तरच खोली लॉक होते." पैसे पाठवताना पडद्यावर नाव आलं ते होमस्टेचं नव्हतं, कुणा व्यक्तीचं होतं. बँकेत असा चेक आला असता तर मी परत केला असता. इथे म्हटलं, मालक असेल.

शनिवारी पहाटे पुण्याहून निघालो. साताऱ्यापासून यवतेश्वरचा घाट चढून कासपर्यंत पंचवीसेक किलोमीटर. भुरभुर पाऊस, काच खाली केली की ओल्या गवताचा वास. त्याने पाठवलेल्या लोकेशनवर गाडी थांबली तेव्हा एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला कारवीची झुडपं, आणि रस्त्याच्या वळणावर निळ्या ताडपत्रीखाली चहाची टपरी. मी टपरीतल्या बाईंना मोबाइलमधला फोटो दाखवला. त्यांनी हातातली किटली खालीसुद्धा ठेवली नाही. "न्हाई वो काका, असलं हितं काय न्हाई. कालबी एक गाडी आलती हाच फोटू घिऊन."

मावशीने फोन हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, आणि चित्र बोटांनी मोठं करून बघितलं. "अरे, ही फुलं रांगेत आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे ही लावलेली आहेत. लॅव्हेंडरची शेती आहे ही, कुठल्यातरी परदेशातली. कासला तेरडा असतो, सोनकी असते, ती काय नांगराच्या तासात उगवते?"

दहा दिवस तो फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर होता. मावशी सोडून सगळ्यांनी त्याला हृदय दिलं होतं. मावशीकडे साधा फोन आहे.

इथवर १०,५०० गेले होते. पुढचे १०,५०० मी स्वतःच्या हाताने दिले, आणि लिहिताना खरी लाज त्याची वाटते. मी त्याला फोन लावला. मला वाटलं, बंद लागेल. त्याने पहिल्या रिंगला उचलला! "साहेब, मीच करणार होतो. काल वनखात्याची कारवाई झाली, आमचं बांधकाम पाडलं. तुमचे पैसे आत्ता परत करतो." कास रस्त्यावरच्या बेकायदा बांधकामांच्या बातम्या पेपरात मी वाचलेल्या, त्यामुळे हेही पटलं. त्याने क्यूआर कोड पाठवला. "हा रिफंडचा कोड आहे, स्कॅन करा, रक्कम टाका, पिन टाका, की तुमच्या खात्यात जमा."

पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन म्हणजे खात्यातून पैसे काढायला दिलेली सही. हे वाक्य मी शाखेत फळ्यावर लिहायचो. पण मागे मावशीला बाथरूमला जायचं होतं, साडू "पोलिसांत जाऊ" म्हणून ओरडत होते, मोबाइलच्या काचेवर पावसाचे थेंब, आणि समोरचा शांतपणे सांगतोय, "साहेब, घाई करा, सिस्टिम दहा मिनिटंच चालू आहे." मी पिन टाकला. मेसेज आला: १०,५०० नावे, म्हणजे खात्यातून गेले. तो म्हणाला, "अरेरे, उलटं गेलं, पुन्हा एकदा करा, दोन्ही एकदम येतील." मी पुन्हा स्कॅन करायला फोन वर धरला तेव्हा हिने तो हातातून हिसकावून घेतला. पस्तीस वर्षांच्या संसारात तिने माझ्या हातातून काही ओढून घेतल्याचं तेवढं एकच उदाहरण.

तिथूनच, टपरीच्या आडोशाला उभं राहून १९३० ला फोन केला. सायबर फसवणुकीचा हा देशभराचा क्रमांक. आपल्या खात्याचा तपशील, व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, वेळ, रक्कम विचारतात, तेव्हा ते मेसेज पुसू नका. तक्रार पुढे बँकांना जाते आणि पैसे ज्या खात्यात असतील तिथे गोठवता येतात, म्हणजे अर्थात ते अजून तिथे असले तर. आमचा दुसरा व्यवहार अर्ध्या तासाच्या आत नोंदला, त्यातले ४,२०० गोठले. पहिल्यातला रुपयाही सापडला नाही, दहा दिवसांत ते पैसे चार खाती फिरून कुठेतरी एटीएममधून निघालेले. गोठलेली रक्कमही लगेच हातात आली नाही, तेव्हा कोर्टाचा आदेश लागायचा. मी अजून चकरा मारतोय. साताऱ्यात ठाण्यात गेलो तेव्हा माझ्या पुढे एक जोडपं बसलं होतं, त्यांचंही कासचंच. त्यांनी पंचवीस हजार भरले होते, तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं हे कबूल करतो.

त्याने दिलेले पास घेऊन पठाराच्या फाटकावर गेलोच, आशा वेडी असते. तिथल्या पोराने एक नजर टाकली आणि म्हणाला, "काका, हे आमचं न्हाई." पठाराची व्यवस्था वनखातं आणि आसपासच्या गावांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती बघते, ऑनलाइन पासही त्यांच्याच साइटवर मिळतो. ती साइट शोधात खाली होती, प्रायोजितांच्या खाली. त्या मुलानेच मला ती उघडून दिली. सोमवारी सकाळी जागा होती.

मग स्टँडजवळच्या लॉजवर दोन रात्री. रविवारी सज्जनगड आणि ठोसेघर. ठोसेघरला धुक्याने धबधबा झाकला होता, नुसता आवाज ऐकून परत आलो. सोमवारी मावशी कातळावर हळूच बसली आणि नखाएवढ्या निळ्या फुलाकडे बोट दाखवून म्हणाली, "ही सीतेची आसवं. दिसायला गरीब, पण मुळाशी फुगे असतात आणि त्यात किडे धरून खाते." मग माझ्याकडे बघून हसली. मी काही बोललो नाही.

आता कुणी कासच्या नवीन होमस्टेचा नंबर दिला की मी भाव विचारत नाही. विचारतो, "घाटाईच्या देवळापासून तुम्ही अलीकडे की पलीकडे?" ज्याचं घर तिथे आहे तो लगेच सांगतो, वर एखादी खूणही देतो. बाकीचे म्हणतात, लोकेशन पाठवतो.

मे महिन्यात भाचीने एक जाहिरात पुढे पाठवली. भंडारदरा, काजवे बघायला एक रात्र, तंबू, जेवण, 'शेवटच्या चार जागा'. खाली तिचा प्रश्न, "मामा, बरं वाटतंय का हे?" रात्रीचा फोटो होता, झाडावर हिरवे ठिपके. मी बोटांनी मोठा केला. पुढे पांढरा तंबू, आणि तंबूच्या कोपऱ्यात निळं पिंप.