फिश घ्यायचीय? आधी बोर्ड उलटा करून बघा

फिश म्हणजे माशासारख्या दुभंगलेल्या शेपटीचा सर्फबोर्ड. तो बघायला गेलं की नजर आधी शेपटीवर जाते. मधे खोल खाच दिसली की आपण ठरवून टाकतो, ही फिश. मीही तेच करायचे. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या टूर्मलीन किनाऱ्यावर मागूनमागून बऱ्याच फिश चालवल्या, तेव्हा कळलं की शेपटी सारखी असून दोन बोर्ड पाण्यात अगदी वेगळे वागू शकतात. आता मी बोर्ड आधी पालथा घालते. फिन (तळाला मागे बसवलेले पातळ पंख) किती, कुठे बसवलेत, आणि नाकापासून शेपटीपर्यंत तळाला बाक किती (शेपर, म्हणजे बोर्ड घडवणारे, त्याला रॉकर म्हणतात), यावरूनच खरी ओळख पटते.

सुरुवात स्टीव्ह लिसच्या फिशपासूनच करायला हवी. 1967 मध्ये सॅन डिएगोच्या पॉइंट लोमा भागात किशोरवयीन लिसने ती बनवली, तीही उभं राहून नव्हे, गुडघ्यांवर बसून लाट घेण्यासाठी. आखूड, रुंद, जवळजवळ सपाट तळाची आणि शेपटीच्या दोन टोकांपाशी दोन कील फिन. कील म्हणजे उंचीला बुटका पण बुडाशी लांबलचक फिन. रुंद शेपटीमुळे बोर्ड पाण्यावर तरंगत सुटतो. खाचेमुळे त्या रुंद शेपटीची दोन निमुळती टोकं होतात, आणि कलताना त्यातलं एक टोक लाटेत रुतून धरून ठेवतं. पुढे लोक यावर उभे राहू लागले. 1972 ची जागतिक स्पर्धा सॅन डिएगोतच झाली आणि जिमी ब्लेअर्सने ती फिशवरच जिंकली.

माझी स्वतःची फिश याच घराण्यातली आहे: 5 फूट 6 इंच लांब, 21 इंच रुंद, प्लायवूडचे कील. कंबरभर, सुस्त लाटेवर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा बोर्ड पायाखालून पुढे निघून जातोय असं वाटलं. लाट मंदावते आणि इतर बोर्ड बसतात, तिथे ही सरळ पुढच्या उभ्या भागापर्यंत पोचते. पण तिला घाईने वळवायला जाऊ नका. मागच्या पायाने झटका दिला तर कील ऐकत नाहीत. आधी वेग येऊ द्यायचा, मग अख्खी रेल, म्हणजे बोर्डाची कड, पाण्यात घालून लांब वळण घ्यायचं. लाटेकडे पाठ करून चालवताना मला हे जमायला पूर्ण एक हिवाळा लागला. आणि लाट उभी, पोकळ असली की सपाट तळामुळे उतरताना नाक पाण्यात घुसतं.

शेपर स्किप फ्राय हे सॅन डिएगोतल्याच पॅसिफिक बीचचे, आणि माझं मन त्यांच्या बोर्डांवर जडलंय. फिश म्हणजे आखूडच, हा समज त्यांनी मोडला. नऊ फुटांहून लांब फिशही त्यांनी घडवल्या आणि स्वतः चालवल्या. अशी लांब फिश मी एकदाच, एका मैत्रिणीची, चालवली. लाट फुटायच्या कितीतरी आधी ती पकडते, आणि मग पाय जरासा दाबला तरी पुरतो. गुडघे कुरकुरत असतील किंवा पॅडल मारायला जोर कमी पडत असेल, तर आखूड फिशच्या हट्टापायी स्वतःचे हाल करू नका. फक्त फ्राय यांचा बोर्ड हातात पडणं अवघड आहे.

शेपर रिच पॅव्हलने फिशला चार फिन लावले. त्याचं ‘स्पीड डायलर’ हे मॉडेल त्यासाठीच ओळखलं जातं. कीलचा एक लांब फिन जे काम करतो ते इथे दोन छोटे फिन वाटून घेतात. म्हणून बोर्ड चटकन वळतो आणि उभ्या भिंतीवर घसरत नाही. डोक्याइतक्या लाटेवर मी डोळे झाकून हाच घेईन. सुस्त लाटेवर मात्र कीलची ती लांब, गुळगुळीत धाव मला यात सापडली नाही.

शेपर मॅट बायोलॉसच्या ‘लॉस्ट’ या ब्रँडची राउंड नोज फिश तीन फिनांवर चालवली तर नेहमीच्या शॉर्टबोर्डची (आखूड, टोकदार नाकाच्या सर्फबोर्डची) सवय असलेल्याला लगेच हाती बसते. तेवढं पुरेसं असेल तर तीच घ्या. मला त्यात फिशची खरी चव कमी लागते. ऑस्ट्रेलियन सर्फर मार्क रिचर्ड्सने 1979 ते 1982 अशी सलग चार जगज्जेतेपदं ज्या दोन फिनांच्या बोर्डांवर जिंकली, त्यांना फिश समजून घेऊ नका. ते उंच, उभ्या फिनांचे आणि झटपट वळणांचे आहेत.

गोव्यात मांद्रे-आश्वेला पावसाळा सोडून जायचं असेल, तर तिथल्या छोट्या, मऊ लाटांना कीलची फिशच शोभते, नेहमीपेक्षा तीन-चार इंच लांब घेतलेली. पण विमानाने नेणार असाल तर काढता येणारे फिन असलेलीच मागवा. माझे कील बोर्डाला कायमचे जोडलेले आहेत. मुंबईत पिशवी उघडली तेव्हा डाव्या कीलच्या बुडाशी केसाएवढी चीर होती. बोट फिरवल्यावरच कळली, आणि त्या चिरेतून पाणी आत शिरू नये म्हणून सुट्टीचे पहिले चार दिवस रेझिन सुकण्याची वाट बघण्यात गेले.