इंटरनेट आर्काइव्ह: सातारकर वाचकाच्या हाती आलेले कालयंत्र

विज्ञानकथांमधले कालयात्री दूरच्या वसाहतीच्या ग्रहावर उतरतात आणि तिथे सत्ता गाजवणाऱ्या कंपनीने रचलेला इतिहास खोटा आहे, हे त्या काळात स्वतः जाऊन सिद्ध करतात. साताऱ्यातल्या वाचकाला ही कल्पना मुळीच परकी वाटत नाही, कारण आमच्या गावाचे राज्य खरोखरच एका कंपनीने, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीने, घेतले आणि ते का घेतले याची हकिगतही तिनेच लिहून ठेवली. ती हकिगत घरबसल्या तपासून पाहण्याचे जे साधन आज उपलब्ध आहे, त्या इंटरनेट आर्काइव्हविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेली ही ना-नफा संस्था जुनी पुस्तके, नियतकालिके, ध्वनिमुद्रणे आणि संकेतस्थळांच्या प्रती जपून ठेवते व विनामूल्य वाचू देते. स्वामित्वहक्क संपलेली पुस्तके खाते न उघडताही उतरवून घेता येतात.

या सेवेचे खरे मोल एकच प्रकरण दोन्ही बाजूंनी वाचताना कळते. १८१९ च्या तहाने छत्रपती प्रतापसिंह महाराजांना आणि त्यांच्या वारसांना साताऱ्याचे राज्य कायमचे दिले गेले होते. तरीही ५ सप्टेंबर १८३९ रोजी महाराजांना गादीवरून दूर करून काशीला पाठवण्यात आले. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार आणि कंपनीच्या पलटणीतल्या शिपायांना फितवण्याचा प्रयत्न, असे आरोप त्यांच्यावर ठेवले गेले. उघड चौकशीची संधी मात्र त्यांना मिळाली नाही. कंपनीच्या दृष्टीने प्रकरण तिथेच मिटले. पण महाराजांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथे लढत राहिले. कंपनी ही अखेर भागधारकांची संस्था असल्यामुळे हा वाद लंडनच्या इंडिया हाऊस या मुख्यालयातल्या तिच्याच सभांमध्ये गाजला, आणि तिथली भाषणे छापली गेली. महाराजांचे दिवाण गोविंदराव यांच्या आईच्या नावाने महाराजांविरुद्ध सादर झालेला अर्ज मुळात तिने केलेलाच नव्हता आणि ही गोष्ट रेसिडेंट, म्हणजे साताऱ्याच्या दरबारातले कंपनीचे प्रतिनिधी, ओव्हान्स यांनी दडवून ठेवली, असा महाराजांच्या पाठीराख्यांचा आरोप होता. महाबळेश्वरच्या ज्या लॉडविक पॉइंटवर आपण दरी पाहायला जातो, तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते लॉडविक आधी साताऱ्याचे रेसिडेंट होते आणि महाराजांविरुद्धच्या गुप्त चौकशीतही बसले होते. पुढे मात्र तेच लंडनमध्ये महाराजांच्या बाजूने बोलले. शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट आम्हाला कधी भेटली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

वाचायला सुरुवात मेजर बी. डी. बसू यांच्या १९२२ च्या ‘स्टोरी ऑफ सातारा’पासून करावी, कारण कंपनीच्याच कागदांचे लांबलचक उतारे देऊन त्यांनी तिचा खोटेपणा दाखवला आहे. त्यानंतर ग्रँट डफ यांचा १८२६ चा मराठ्यांचा इतिहास उघडावा. ते साताऱ्याचे पहिले रेसिडेंट होते, हे ध्यानात ठेवून वाचले म्हणजे पुष्कळ वाक्यांमागे उभा असलेला अधिकारी दिसू लागतो. १८४८ मध्ये प्रतापसिंहांच्या जागी गादीवर बसवलेले त्यांचे भाऊ शहाजीराजे निपुत्रिक वारले आणि त्यांनी घेतलेला दत्तक गव्हर्नर जनरल डलहौसींनी नामंजूर केला, तेव्हा खुद्द मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लर्क यांनी तहाचा आधार घेऊन राज्य खालसा करण्याला विरोध केला होता. सरकारच्या पोटातलाच हा विरोध शोधून वाचावा, एवढी माझी आग्रहाची शिफारस आहे.

शोध घेताना थोडी चिकाटी लागते. त्या काळच्या इंग्रजी कागदांत सातारा शब्दात दोन ‘टी’ असतात आणि प्रतापसिंहांचे नाव ओळखूही येणार नाही अशा रूपात लिहिलेले असते, म्हणून निरनिराळी स्पेलिंगे घालून पाहावीत. मराठी पुस्तकांची नावे बहुधा रोमन लिपीत आणि पुष्कळदा अशुद्ध नोंदलेली आहेत. देवनागरी मजकुराच्या आतला शोध इंग्रजीइतका भरवशाचा नाही. स्वामित्वहक्क असलेल्या पुस्तकांबाबत प्रकाशकांनी भरलेला खटला संस्था हरली, २०२४ मध्ये तिचे अपीलही फेटाळले गेले आणि लाखो पुस्तके उसनी देणे बंद झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सायबर हल्ल्यामुळे ही सेवा काही दिवस बंद होती, तेव्हा कामाची पुस्तके वेळीच उतरवून ठेवलेली बरी.

२००१ मध्ये लोकांसाठी खुले झालेले वेबॅक मशीन हा या सेवेचा दुसरा भाग आहे. संकेतस्थळाचा पत्ता दिला की दिनदर्शिका उघडते आणि निवडलेल्या तारखेला ते पान कसे होते ते दिसते. आजच्या एखाद्या कंपनीने आपल्या स्थापनेची किंवा जुन्या आश्वासनांची हकिगत गुपचूप बदलली, तर आधीचा मजकूर तारखेसह समोर ठेवता येतो, अर्थात ते पान तेव्हा टिपले गेले असेल तर. महत्त्वाचे पान दिसताच ते स्वतः जतन करण्याची सोयही तिथे आहे, आणि पत्रकारांनी व माहितीच्या अधिकाराचे अर्ज करणाऱ्यांनी ती जरूर वापरावी.

मोडी कागदांसाठी मात्र पुण्याच्या पुराभिलेखागाराची वाट धरावीच लागते. छापील इंग्रजी साधनांपुरते बोलायचे, तर माझ्याकडून या सेवेला पाचपैकी साडेचार गुण. कापलेला अर्धा गुण मराठी नोंदी सुधारतील त्या दिवशी देईन.