घरातली पहिली घटपर्णी : व्हेंट्राटा, मिरांडा की खासियाना?

किडे पकडणाऱ्या घटपर्णीचे पहिले रोप घेताना बहुतेकांची नजर पानाच्या टोकाला लटकणाऱ्या घटाच्या रंगावर आणि आकारावर जाते. माझे मत असे आहे की, त्याआधी आपल्या घराचा विचार करावा. थंडीत रात्री पारा कुठवर उतरतो, एप्रिलच्या दुपारी हवा किती कोरडी पडते आणि सकाळचे ऊन कोणत्या खिडकीत येते, या तीन गोष्टींवरच रोप जगणार की नुसते तग धरणार, हे ठरते.

घटपर्णी म्हणजे नेपेंथिस. या प्रजातीच्या दीडशेहून अधिक जाती बोर्निओ, सुमात्रा आणि फिलिपिन्सपासून थेट मादागास्करपर्यंत आढळतात. त्यांपैकी सखल, उष्ण जंगलांतल्या जातींना रात्रीही ऊब लागते. उंच डोंगरांवरच्या जातींना मात्र रात्री 10 ते 15 अंशांचा गारवा जवळजवळ वर्षभर हवा असतो. महाराष्ट्रातल्या मैदानी शहरांत तो गारवा यंत्राशिवाय मिळत नाही. म्हणून हमाटा, व्हिलोसा किंवा राजा या डोंगरी जातींची छायाचित्रे कितीही मोहात पाडोत, नवशिक्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये. उरलेल्यांपैकी आपल्याकडे ज्यांची नावे वारंवार कानावर येतात, अशा तीन घटपर्णींची तुलना येथे केली आहे.

पहिली व्हेंट्राटा. फिलिपिन्समध्ये अलाटा आणि व्हेंट्रिकोसा या दोन जातींच्या संकरातून ही निर्माण झाली, आणि अनेक रोपवाटिकांत ती नुसती ‘अलाटा’ म्हणूनच विकली जाते. घट मध्यम आकाराचे, कमरेत किंचित आवळलेले, हिरव्यावर तांबूस छटेचे असतात. दिसण्यात ती तिघींत सर्वांत साधी असेल, पण सोशिकपणात तिला तोड नाही. पुण्यातल्या माझ्या पूर्वेकडच्या खिडकीत तिने डिसेंबरातली 11 अंशांची रात्रही पाहिली आहे आणि मे महिन्यातली 39 अंशांची दुपारही. थंडीत वाढ मंदावते, उन्हाळ्यात नवे घट धरत नाहीत, पण पाने हिरवी राहतात आणि पाऊस सुरू झाला की ती पुन्हा उमलते. त्या दिवसांत तिच्याकडे जवळून पाहावे. पानाच्या टोकातून निघालेला बारीक दोर खाली झुकतो, त्याचे टोक वर वळते, वाटाण्याएवढे फुगते आणि काही आठवड्यांत बोटभर लांबीची, चपटी, बंद पिशवी तयार होते. ती फुगून पूर्ण आकार घेते, तेव्हा आत पाचकद्रव आधीच साठलेला असतो. त्यानंतरच झाकण उघडते आणि काठाची कडा बाहेर वळून रंग धरू लागते. मुंग्या घसरतात त्या याच कडेवरून, विशेषतः ती दमट किंवा ओली असताना.

दुसरी मिरांडा. हा बागकामात तयार झालेला संकर आहे. त्याच्या वंशात मॅक्सिमा आणि नॉर्थियाना या जाती असल्याचे मानले जाते. यातली नॉर्थियाना बोर्निओतल्या सारावाकमधली असून तिचे नाव ब्रिटिश चित्रकार मॅरियान नॉर्थ यांच्यावरून पडले, कारण त्यांच्या चित्रामुळेच ही जात वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नजरेत आली. मिरांडाचे घट मोठे, फिक्या हिरव्यावर गडद तांबडे ठिपके असलेले आणि पट्टेदार कडेचे असतात. दिवाणखान्यात शोभा हवी असेल, तर व्हेंट्राटा तिच्यापुढे फिकी पडते. मात्र तिला हवेत दमटपणा अधिक लागतो, रात्री 15 अंशांखाली पारा गेलेला मानवत नाही आणि जागाही भरपूर लागते. माझ्या मावसबहिणीच्या डोंबिवलीच्या घरात, खिडकीच्या ग्रिलमध्ये टांगलेल्या मिरांडावर जवळजवळ वर्षभर घट असतात; तिथूनच आणलेले फुटव्याचे रोप माझ्याकडे फेब्रुवारी ते मे या काळात एकही घट धरत नाही. रोप तेच, काळजीही सारखीच; फरक फक्त हवेचा आहे.

तिसरी खासियाना, म्हणजे मेघालयातल्या खासी, जैंतिया आणि गारो टेकड्यांवरची आपली भारतीय घटपर्णी. स्वभावाने ती जवळजवळ व्हेंट्राटाइतकीच कणखर आहे, आणि आपल्या देशातली म्हणून तिची ओढ वाटणे मला अगदी समजते. पण तिचे मूळ अधिवास आक्रसले आहेत, वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात तिचा समावेश आहे आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण दिलेले असल्यामुळे परवान्याशिवाय तिची लागवड किंवा विक्री करता येत नाही. विक्रेता कागदपत्रे दाखवू शकत नसेल, तर ते रोप डोंगरावरून उपटून आणलेले असण्याची शक्यता धरूनच चालावे आणि ते घेऊ नये. नवशिक्याने हा मोह टाळावा, असे मी मनापासून सांगेन.

पाण्याच्या बाबतीत मात्र तिघींत काहीच फरक नाही, आणि बहुतेक रोपे मरतात ती इथेच. पावसाचे किंवा आरओचे शुद्ध पाणी द्यावे. क्षारांचे प्रमाण 50 पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत 50 भागांच्या) आसपास किंवा त्याहून कमी असलेले बरे. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी आपण काटकसरीने बादलीत साठवून कुंड्यांना घालतो. घटपर्णीला ते चुकूनही घालू नये, कारण सगळे क्षार त्यातच एकवटलेले असतात. मी पहिल्या वर्षी नेमके हेच पाणी महिनाभर घातले. पानांची टोके तपकिरी झाली आणि उमलू लागलेले चारही घट वाळून गेले. बोअरचे पाणीही याच कारणाने वर्ज्य. माती, शेणखत, गांडूळखत यांपैकी काहीही कुंडीत नको. स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारे वाळलेले शेवाळ) आणि परलाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे) यांचे सैल मिश्रण पुरते. नारळाच्या सालीचे तुकडे वापरायचे असल्यास ते दोन-तीनदा भिजवून, पाणी बदलून धुवावेत. मिश्रण ओलसर राहावे, पण कुंडी पाण्याच्या बशीत उभी ठेवू नये, कारण घटपर्णीची मुळे त्यात कुजतात.

आता खिडकी की काचेची पेटी? पेटीत दमटपणा टिकतो, त्यामुळे नाजूक, छोट्या रोपाला ती सोयीची वाटते. पण उन्हात ठेवलेली बंद पेटी तासाभरात भट्टीसारखी तापते, दिव्यावर चालवायची तर रोज बारा तासांच्या आसपास एलईडी लावावा लागतो आणि व्हेंट्राटा काय किंवा मिरांडा काय, मोठी झाली की तिथे मावत नाही, कारण या मुळात वेली आहेत. सकाळचे दोन-तीन तास ऊन आणि उरलेला दिवस लख्ख उजेड देणारी खिडकी असेल, तर पेटीवर खर्च करू नये. पाने गर्द हिरवी, लांबट आणि घटांविना असतील, तर उजेड कमी पडतो आहे असे समजावे. नागपूर-अकोल्याकडच्या वाचकांनी उन्हाळ्यात कुंडी कूलर चालणाऱ्या खोलीत उजेडाजवळ ठेवावी, कारण कूलर हवेत ओलावा सोडतो. एसीने मात्र हवा उलट कोरडी होते.

तेव्हा पुणे, नाशिक किंवा विदर्भातल्या घरासाठी व्हेंट्राटा घ्यावी; मुंबई, ठाणे, कोकण किंवा गोव्यात जागा असेल, तर मिरांडानेही सुरुवात करायला हरकत नाही, जागा अपुरी असेल तर तिथेही व्हेंट्राटाच बरी. खरेदी जूनच्या मध्यानंतर करावी. रोपवाटिकेच्या दमट शेडमधून घरी आलेले रोप जुने घट वाळवते आणि नव्या हवेला सरावायला दोन-तीन महिने घेते. पावसाळ्यात आणले, तर हा काळ त्याला सोपा जातो आणि दसऱ्याच्या सुमारास नव्या पानांच्या टोकांना पहिले घट दिसू लागतात.